धुरपतामायचं टेक

आमच्या शेजारचे निवृत्त इंजिनिअर मागच्या महिन्यात परदेशातल्या कुठल्याशा बेटावर सहा दिवस राहून आले. परतल्यावर त्यांनी फोटो पाहायला बोलावलं. फोटो पुष्कळ होते आणि बहुतेकांत ते स्वतः होते. समुद्र त्यांच्या मागे जमेल तसा मावला होता. त्या बेटावर सकाळी नाश्त्याला इडली मिळते, ही गोष्ट त्यांनी चार वेळा सांगितली. निघताना मी म्हणालो, "मीही दरसाल एका बेटावर जात होतो."

"कुठल्या?"

"जिंतूर तालुक्यातल्या."

ते मोठ्यानं हसले. परभणी जिल्ह्यात बेट असू शकतं यावर परभणीच्या माणसाचा विश्वास बसत नाही. माझाही बसला नसता. पण मला तिथं धुरपतामाय घेऊन गेली होती, आणि तीही गुळाच्या कढईतून.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो. निरोप समारंभात मला शाल, नारळ आणि 'उर्वरित आयुष्य सुखाचे जावो' अशा अर्थाची तीन भाषणं मिळाली. उर्वरित हा शब्द आम्ही ग्रंथालयात वाळवी लागून गेल्यावर जी पुस्तकं हाती राहायची त्यांच्यासाठी वापरायचो. समारंभ संपल्यावर कार्यालयातला लिपिक सिद्धार्थ जवळ आला. तो भाषण करणाऱ्यांपैकी नव्हता. म्हणाला, "सर, चार दिवस आमच्या मायकडं जाऊन या. धरणाच्या पाण्यात राहती. तिथं काहीच न्हाई."

ग्रंथालयात एकतीस वर्षं काढलेल्या माणसाला 'काहीच न्हाई' हे वर्णन फार मोहक वाटलं. दिवाळी संपल्यावर मी निघालो. बोरीपर्यंत एसटी, पुढे जीप, जीपवाल्यानं जिथं 'आता रस्ता संपला' असं सांगितलं तिथून पुढे अर्धा तास पायी. पाण्याच्या काठावर एक काटक, काळीसावळी म्हातारी उभी होती. पांढरं लुगडं, त्याला निळे काठ, पदर कमरेला खोचलेला. शेजारी पाण्यात एक प्रचंड लोखंडी कढई तरंगत होती. उसाचा रस आटवून गूळ करतात ती कढई. मी होडी शोधत इकडेतिकडे पाहिलं.

"पुस्तकवाले तुमीच का?"

"हो."

"मग बघायलात काय? चपला हातात घ्या, पिशवी मांडीवर घ्या, आन मधोमध बसा. कढईत बसायचं तर गुळावानी बसायचं. हलायचं न्हाई, थंड व्हायचं."

मी थंड झालो. ती गुडघ्यांवर बसली, एक साधी फळी हातात घेतली आणि दोन फटके उजवीकडे, एक डावीकडे असं करत निघाली. कढई गोल असते. तिला पुढचं-मागचं नसतं. अशी वस्तू सरळ रेषेत नेणं म्हणजे काय, हे मला तिसऱ्या दिवशी कळलं. मी हौसेनं फळी मागून घेतली आणि काठापासून चार हातांवर जागच्या जागी गरागरा फिरत राहिलो. धुरपतामाय काठावर कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पुस्तकवाले, तिकडं जायलात का दळण दळायलात?"

त्या पाण्याच्या मध्ये एक टेकडी होती. धुरपतामाय नवी नवरी होऊन आली तेव्हा ती गावाच्या कडेची टेकडी होती आणि गाव तिच्या पायथ्याशी होतं. धरण झालं, पाणी आलं, गाव उठून वर सरकारी जागेत गेलं. टेकडीला उठता येत नव्हतं म्हणून ती राहिली. पावसाळ्यापासून फाल्गुनापर्यंत तिच्या चारी बाजूंनी पाणी असायचं. लोक तिला बेट म्हणत. धुरपतामायनं हा शब्द माझ्यासमोर कधी वापरला नाही. ती 'टेक' म्हणायची. "पानी आज आलंय, उद्या जाईल. त्याच्यासाठी आपल्या टेकाचं नाव कामून बदलायचं?"

पाणी ओसरलं की उतारावर गाळाची जमीन उघडी पडते. ती जमीन धरणात घरंदारं गेलेल्यांना सरकार एकेका हंगामापुरती कसायला देतं. तिला गाळपेर म्हणतात. टेकाच्या पायथ्याचा गाळाचा एक सपाट पट्टा धुरपतामायला दरसाल मिळायचा. त्यात ती टरबूज, खरबूज, काकडी लावायची. नवरा गेल्यानंतर ती खोप बांधून तिथंच राहायला लागली. मुलगा सिद्धार्थ परभणीत, सून शाळेत शिक्षिका, दोघंही बोलावून थकली. तिचं म्हणणं एकच: "तुमच्या घरात मला बसून ऱ्हावं लागतं. बसून ऱ्हायला मी काय पाहुनी हाव?"

खोपीत दोन तसबिरी होत्या, दोन्ही तिच्या सासऱ्यानं धर्मांतराच्या वर्षी नागपूरहून छातीशी धरून आणलेल्या. एक ट्रंक, एक चूल, छपरावर लेकानं बसवलेला सौरदिवा. मोबाईल होता, पण रेंज फक्त टेकाच्या माथ्यावरच्या एका बाभळीखाली यायची. त्या झाडाचं नावच 'रेंजची बाभळ' पडलं होतं. संध्याकाळी तिथं जाऊन ती फोन तोंडासमोर हातभर अंतरावर धरायची आणि परभणीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं बोलायची. मी एकदा म्हणालो, हळू बोललं तरी पोचतं. ती म्हणाली, "त्याला पोचतंय. पर मी बोलले असं मला बी वाटाया पायजे का न्हाई?"

प्रौढांच्या वर्गात ती चाळिशीनंतर वाचायला शिकली होती आणि शिकलेलं वाया जाऊ नये म्हणून समोर येईल ते मोठ्यानं वाचायची. खताची गोणी, औषधाची बाटली, माझ्या शर्टाच्या कॉलरवरचं शिंप्याचं नाव. मी पक्ष्यांचं एक सचित्र पुस्तक नेलं होतं. तिनं टिटवीचं चित्र बराच वेळ पाहिलं आणि पुस्तक परत केलं. "ही आमची न्हाई. हिचे पाय लय स्वच्छ हायती."

टिटवीचा विषय निघाला म्हणून आता माळाचं सांगतो, कारण पुढचं सगळं त्या माळावर घडलं.

टेकाच्या मधल्या अंगाला, खोपीच्या वर, मुरमाचा एक सपाट माळ होता. दोन-तीन खळी मावतील एवढा. त्यावर गवतसुद्धा धड उगवत नव्हतं. चैत्र लागला की तिथं टिटव्या अंडी घालायच्या, आणि पाण्यावरचे ते पांढरे, काळ्या टोपीचे सुरय पक्षीही. पुस्तकात त्यांना नदी सुरय म्हणतात. धुरपतामाय त्यांना 'पांढऱ्या' म्हणायची. ही सगळी मंडळी घरटं बांधण्याच्या भानगडीत पडत नाहीत. उघड्या मुरमात जराशी खळगी करायची आणि खड्यांच्या रंगाची अंडी खड्यांतच ठेवून द्यायची. तुम्ही पाय ठेवीपर्यंत ते अंडं असतं हे कळत नाही, आणि पाय ठेवल्यावर कळून उपयोग नसतो.

म्हणून त्या दोन-अडीच महिन्यांत माळावर जाणाऱ्यानं चपला कडेशी काढायच्या, हा धुरपतामायचा नियम होता. मला वाटलं, पवित्र-बिवित्र काही असेल. मी विचारलं.

"अनवाणी पायाला अंडं कळतं," ती म्हणाली. "चपलीला कळत न्हाई."

मी ग्रंथालयात नियमांच्या पाट्या पुष्कळ लावल्या. इतकं साफ कारण एकाही पाटीला नव्हतं.

माळाच्या कडेनं उतारावर चुना लावलेले धोंडे होते. कुठं दोन जवळजवळ, कुठं एकटाच खाली, एखादा बराच वर. टिटव्या सगळ्या माळावर थांबत नसत. काही जोड्या उतारावरही अंडी घालत. दरसाल सगळ्यांत खालचं घरटं जिथं असेल तिथं ती एक धोंडा ठेवायची. तिच्या सासूनं ठेवले होते, मग तिनं. टिटवीनं अंडी उंचावर घातली तर पाणी उंच चढणार, खाली घातली तर बेताचं, हे आपल्याकडं सगळीकडं म्हणतात. ही म्हणून थांबत नव्हती. मृग निघाला की आपली खोप उचलून त्या धोंड्याच्या वर नेऊन बांधायची.

मी शकुन न मानणारा माणूस. शिवाय मला वाटलं होतं, हिच्या घरातही ते चालत नसणार. तसं बोललो.

"आमी शकुन मानीत न्हाई," ती ताडकन म्हणाली. "सासऱ्यानं घरातले समदे देव गंगंत सोडले, तवाच शकुन बी सोडले."

"मग हे काय आहे?"

"ही खबर हाय. तिला लेकरं वाचवायची असत्यात. मला खोप वाचवायची असती. जिला गरज तिला ठावं."

त्यानंतर मी दरसाल वहीत नोंद ठेवली. धोंडा कुठं आणि भाद्रपदात पाणी कुठवर. पाचांपैकी तीन वर्षं टिटवी बरोबर आली, दोन वर्षं चुकली. वही तिच्यापुढे ठेवली. तिनं बोट फिरवत मोठ्यानं वाचली.

"टीव्हीवर तो टायवाला पाऊस सांगतो, त्याची अशी वही ठिवली का तुमी?"

"नाही."

"ठिवा. मग मला सांगा."

मी सहा वर्षं तिच्याकडं जात राहिलो. दिवाळीनंतर एकदा, आणि चैत्र-वैशाखात एकदा. आम्ही फारसं काही करत नव्हतो. ती टरबुजावर टिचकी मारून कान लावायची आणि अजून चार दिवस, असं सांगायची. भाकरी भाजताना जात्यावरची भीमाची एखादी ओवी गुणगुणायची. अर्ध्यात विसरली की पुढची ओळ स्वतःच जुळवायची. मी जवळ बसून वाचायचो. मधेच ती विचारायची, "काय म्हनतंय?" मी सांगायचो. त्यावर ती मत द्यायची. बऱ्याच थोर पुस्तकांबद्दल तिचं मत होतं, "लांबवलंय."

आता त्या महोत्सवाचं.

पाचव्या वर्षी फाल्गुनात तालुक्यातल्या काही उत्साही मंडळींनी एक पर्यटन समिती काढली. सचिव होते दत्तराव नावाचे गृहस्थ. पांढराशुभ्र शर्ट, खिशाला दोन पेनं, आणि प्रत्येक वाक्यात 'संकल्पना' हा शब्द. त्यांनी कार्तिकात कुणीतरी काढलेले टेकाचे फोटो पाहिले होते: निळं पाणी, हिरवं टेक, वर पक्ष्यांचा थवा. त्यावरून संकल्पना अशी निघाली की वैशाखी पौर्णिमेला 'बेट महोत्सव' घ्यायचा. एक मोठे पाहुणे येणार, सजवलेल्या होडीतून बेटावर उतरणार, फीत कापणार. फलक आधीच छापून झाला होता: 'स्थानिक संस्कृती आणि निसर्ग यांचा अविस्मरणीय अनुभव'.

पौर्णिमेच्या पाच दिवस आधी दत्तराव पाहणीला आले. मी तेव्हा तिथंच होतो. ते आले ते मोटारसायकलवर, थेट खोपीपर्यंत. कारण फाल्गुन सरता सरता धरणातून कालव्याला पाणी सुटतं, आणि वैशाखात टेक आणि काठ यांच्यामधला जमिनीचा दांडा उघडा पडतो. टेकाला वाट फुटते. हे त्या पाण्याभोवतीच्या प्रत्येक म्हशीला माहीत होतं.

दत्तराव उतरून चहूकडं पाहत राहिले. "आजी, बेट कुठाय?"

"तुमी त्याच्यावरच हुबे हाव की."

"पण पाणी?"

"वैशाखात पानी कुठून आनू, बापा? दिवाळीला आला असता तर दाखवलं असतं."

होडी सांगून झाली होती. पाहुण्यांची तारीख मिळाली होती. पत्रिका वाटल्या होत्या. तेव्हा बेट नसलं तरी बेट महोत्सव होणं भाग होतं. आता प्रश्न मंडपाचा. टेकावर सपाट जागा दोनच, पायथ्याला धुरपतामायचा टरबुजाचा पट्टा आणि वरचा माळ. पट्ट्यात पीक उभं होतं. दत्तराव माळाकडं निघाले. माळाच्या कडेशी माझ्या चपला काढलेल्या दिसल्या. त्यांनीही लगबगीनं बूट काढले, डोक्यावर रुमाल टाकला आणि मोकळ्या मुरमाला हात जोडले.

"कोणता देव आहे, आजी?"

"देव न्हाई. अंडी हायती."

त्यांनी जोडलेले हात हळूच सोडले. मग बूट घातले. देव नाही म्हटल्यावर त्यांना जागा एकदम आवडली. परवा ट्रॅक्टर येईल, फळी मारून सपाट करून घेऊ, म्हणाले. शंभर खुर्च्या आरामात बसतील. पर्यटकांचे तंबूही पुढे इथंच टाकू. डोक्यावर टिटव्या ओरडत घिरट्या घालत होत्या. दत्तरावांनी वर पाहून विचारलं, "या नेहमीच एवढा आवाज करतात का?"

ते गेल्यावर मी चिडलो. मी चिडलो की पत्र लिहितो. वनखात्याला, जिल्हाधिकाऱ्यांना, वर्तमानपत्राला, असं तीन प्रतींचं पत्र तिच्या चुलीजवळ बसून लिहून काढलं. तिनं ते वाचलं. "लय चांगलं लिवलंय. कवा पोचंल?"

"चार-आठ दिवसांत."

"टॅक्टर परवा यायलाय."

त्या दिवशी सकाळीच आम्ही दोघांनी घरटी मोजली होती. सतरा. काहींतली अंडी तडकायला लागली होती. आणखी आठवडाभर मिळाला असता तर निम्मी पिलं पायावर पळती झाली असती.

तेव्हा मला एक युक्ती सुचली. आजही ती युक्ती म्हणून वाईट होती असं मला वाटत नाही. मी म्हणालो, "माय, दत्तरावानं बूट का काढले, बघितलं ना? उद्या तिथं एक दगड उभा करू. शेंदूर फासू. दोन नारळ ठेवू. जागृत स्थान आहे, मंडप घातला तर कोप होतो, म्हणून सांगू. एक माणूस माळावर पाय ठेवणार नाही. पाहुणे तर लांबून नमस्कार करून जातील."

ती भाकरी थापत होती. हात थांबले.

"तुमी शिकलेले का मी?" तिनं विचारलं.

मी हसलो. ती हसली नाही.

"माझ्या सासऱ्यानं घरातले देव पाटीत भरले, डोक्यावर घेतले आन गंगंत सोडले. लोकांनी दगडं मारले त्याला वाटंत. तो म्हनला, मारा, पाटी हलकी झाली. आन मी आता टिटवीपायी नवा देव बसवू? आज मी बसवीन. मी मेल्यावर त्येला उठवनार कोन? लोक कोंबडं कापतील तिथं. पोरीबाळींना नवस करायला आनतील. अंडी वाचतील, आन मानसं?"

तिनं भाकरी तव्यावर टाकली. एवढी वर्षं मी तिला वाचून दाखवत होतो, असा माझा समज होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बाभळीखाली गेली आणि दत्तरावांना फोन लावला. तिच्या आवाजामुळं मला सगळं ऐकू आलं.

"दत्तराव, वरच्या माळावर धूळ लय हाय. सायबाच्या डोळ्यात जाईल. ऊन बी तिकडंच. तुमी मंडप खाली घाला, माझ्या पट्ट्यात. पान्याची हवा येती, मागं पानी दिसतं, फोटू चांगला येईल. … पिकाचं काय ते मी बघते. … न्हाई, न्हाई, इज्जतीचा सवाल हाय गावाच्या. फकत एक करा. वर कुनी जायाचं न्हाई. माझी मानसं बाळंत हायती तिकडं."

टरबुजं काढायला अजून दहा दिवस होते. तो तिचा सबंध हंगाम होता. ती दिवसभर वेलींमधून फिरली, टिचकी मारली, ज्यातून थोडा तरी आवाज आला ती फळं तोडली. फार थोडी निघाली. उरलेली हिरवी तशीच राहिली. मी मदत करत होतो. शेवटी म्हणालो, "माय, फार मोठं नुकसान आहे."

"हाय की," ती म्हणाली. "वेल परत लावता येतो. अंडं कुठं लावू?" आणि मग, जरा वेळानं, पाठ माझ्याकडं ठेवून, "लय गोड झाले असते औंदा."

त्या पट्ट्यावर ट्रॅक्टरची फळी फिरली तेव्हा ती चुलीपाशी होती. तिनं बाहेर पाहिलं नाही.

महोत्सव झाला. सजवलेली होडी चिखलात तिरपी उभी होती. तिच्या गळ्यात हार होता. पाहुणे दांड्यावरून गाडीनं आले, मग पंचवीस पावलं मागं जाऊन होडीत चढले, होडीतून उतरले आणि बेटावर पोचले. टाळ्या झाल्या. धुरपतामायनं 'स्थानिक संस्कृती' व्हावं, अशी समितीची इच्छा होती. त्यासाठी हिरवं नऊवारी, नथ आणि मोठं कुंकू आणलं होतं. तिनं पिशवीत डोकावून पाहिलं.

"हे कुनाचं हाय?"

"तुमच्यासाठी, आजी. संस्कृती दिसली पाहिजे."

"मीच हाय ना ती? मग हाय तशी दिसू द्या."

आणि निळ्या काठाच्या पांढऱ्या लुगड्यातच ती पहिल्या रांगेच्या कडेला बसली.

पाहुण्यांचं भाषण निसर्गावर होतं. ते दीर्घ होतं. गाळाच्या जमिनीवर गालिचा अंथरला होता आणि गालिच्याखाली काही हिरवी टरबुजं ट्रॅक्टरला चुकवून राहिली होती. निसर्गाचं संवर्धन ही काळाची गरज आहे, असं म्हणून पाहुणे बसले, तेव्हा त्यांच्या खुर्चीचा मागचा एक पाय अशाच एका टरबुजात गेला. खुर्ची पडली नाही. फक्त आभारप्रदर्शन होईपर्यंत इंचाइंचानं मागं कलत राहिली, आणि शेवटी पाहुणे जवळजवळ आभाळाकडं पाहत होते. वर टिटव्या आणि पांढऱ्या फिरत होत्या. मला वाटतं, त्या दिवशी निसर्गाचा अनुभव प्रत्यक्ष घेतलेले ते एकटेच.

धुरपतामाय माझ्या कानाशी वाकली. "पिकलं नव्हतं ते. पिकलं असतं तर मेला धाडदिशी पडला असता."

मंडळी गेली. उन्हं उतरल्यावर गावातली बाया-माणसं दांड्यावरून चालत खीर घेऊन आली. बुद्धपौर्णिमेला दरसालच येत. टेकावर चढल्यावर सगळ्यांनी काही न सांगता चपला काढल्या. माळाच्या कडेनं बसून आम्ही खीर खाल्ली. पुढच्या चार-पाच दिवसांत उरलेल्या अंड्यांतूनही पिलं निघाली. मुरमाच्या रंगाचे कापसाचे बोळे, आणि त्यांना अंगापेक्षा मोठे पाय. धुरपतामाय म्हणाली, "पुस्तकातल्यावानी स्वच्छ हायती पाय. चार दिवस ऱ्हातील."

महोत्सवाचा फलक वाऱ्यानं फाटून बाभळीला अडकला होता. तो तिनं उतरवून पावसाळ्यासाठी खोपीवर टाकला, छापील बाजू आत करून. दिवाळीनंतर मी गेलो तेव्हा चुलीच्या वर पाहुण्यांचा हसरा चेहरा धुरानं काळपटला होता. शेजारी अक्षरं होती, 'अविस्मरणीय अनुभव'. ती रोज भाकरी टाकताना मोठ्यानं वाचायची. तंबूंची संकल्पना पुढे सरकली नाही. समितीनं पुढच्या वर्षी दुसऱ्या तालुक्यात एक धबधबा शोधला, असं ऐकलं.

त्यानंतरच्या चैत्रात मी गेलो ते शेवटचं. तिचा उजवा हात थंडीत दुखायला लागला होता आणि मग उचलेनासा झाला. सिद्धार्थनं परभणीत नेऊन दाखवलं, औषधं आणली; ती औषधाच्या बाटल्या वाचायची, प्यायची विसरायची. त्या वर्षी पाणी उशिरा ओसरत होतं. दांडा अजून बुडालेला होता, तरी टिटव्या लवकर बसल्या होत्या. आम्ही अनवाणी उतारावर फिरलो. सगळ्यांत खालचं घरटंसुद्धा, तिच्या आठवणीत नव्हतं इतक्या वर होतं.

"धोंडा तुमी ठिवा," ती म्हणाली. "माझा हात न्हाई चालत."

मी धोंडा उचलून आणला आणि घरट्यापासून दोन हातांवर ठेवला. टिटवी माझ्या डोक्यावर थयथयाट करत होती. धुरपतामायनं डोळे बारीक करून पाहिलं.

"दोन बोटं खाली घ्या."

मी घेतला. आम्ही त्याला चुना लावला. परत येताना ती म्हणाली, "वहीत लिवा. आन पानी कुठवर आलं ते बी लिवा. मग टायवाल्याचं बघू."

ती आषाढात गेली. खोप तोवर धोंड्याच्या वर नेऊन बांधलेली होती. सुनेनं आणि गावकऱ्यांनी बांधली, तिनं बसून सांगितली. भाद्रपदात धरण तुडुंब भरलं. सिद्धार्थनं टेकावर जाऊन बाभळीखालून मला फोन केला. तोही आईसारखाच ओरडून बोलत होता. "सर, पाणी धोंड्याच्या हातभर खाली थांबलंय!" मी वही काढून लिहिलं. सहापैकी चार.

पण मला ती आठवते ती त्या चैत्रातल्या सकाळी. मला काठावर सोडायला तीच आली. मी म्हणालो, मी वल्हवतो. ती म्हणाली, मला संध्याकाळच्या आत घरी यायचंय. डाव्या हातानं फळी मारत, मधेमधे उजव्याचा कोपर लावत तिनं मला कसंबसं पोचवलं. उतरल्यावर चपला घालून मी वळलो. ती परत निघाली होती.

एका हातानं कढई सरळ जात नाही. ती फिरायला लागली. सावकाश, मोठ्या गिरक्या घेत, टेकाच्या दिशेनं थोडी थोडी सरकत. धुरपतामायनं तिला अडवलं नाही. आधी तिची पाठ दिसायची, मग कुशी, मग चेहरा माझ्याकडं यायचा.

"दळायलात का?" मी काठावरून ओरडलो.

ती फिरून पाठमोरी झाली होती. पूर्ण एक गिरकी जाऊन चेहरा परत माझ्याकडं आला तेव्हा उत्तर आलं.

"जा आता! एसटी चुकंल!"

मग पाठ. मग पुन्हा चेहरा, आता लहान. तिनं फळी मांडीवर आडवी ठेवली होती आणि डावा हात डोळ्यांवर धरून मी गेलो की नाही ते पाहत होती. पुन्हा पाठ. मी गेलो नव्हतो. पुढची गिरकी येईपर्यंत थांबलो, मग त्याच्या पुढची.

एसटी चुकली.